क्वेट्टा ते रंगून, वाया बनारस

तार आली तेव्हा मी एका तेलुगू कुटुंबाला रामेश्वरची गाडी कुठे बदलायची ते समजावत होतो. नानांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "केशव, तुझा रूट गेला रे."

काशीत नानांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन बाकं आणि हिंदुस्थानभरच्या रेल्वे कंपन्यांची टाइम-टेबलं. लांब निघालेल्यांना कुठली गाडी, कुठे बदल, कुठे मुक्काम हे आखून द्यायचं आणि तिकिटं काढून द्यायची, हा धंदा. मी इंग्रजी दुसरीतून शाळा सोडून रत्नागिरीकडून आलेला. नानांनी मला टाइम-टेबल वाचायला शिकवलं. त्यावर आजवर जेवतो आहे.

गेलेला रूट शास्त्रीबुवांच्या मुलीचा होता. शास्त्रीबुवा बालाजी घाटाजवळ राहायचे. व्रत कसं पाळायचं, मोडलं तर काय करायचं, हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. मी काशीत नवा असताना वार लावून जेवायचो, म्हणजे रोज वेगळ्या घरी. मंगळवार त्यांच्याकडे. गोदू वाढायची. मी लाजून पुरे म्हटलं की आणखी एक पोळी टाकायची. पुढे लग्न होऊन ती क्वेट्ट्याला गेली. नवरा मिलिटरीच्या हिशेब खात्यात. आता त्याची बदली थेट रंगूनला झाली होती. गोदूला मूल झालेलं. शास्त्रीबुवांनी नातवाला पाहिलं नव्हतं.

"आखून दे बाबा असं काहीतरी, की एक दिवस तरी घरी राहतील," ते म्हणाले होते.

स्वतः ते कुठे जाऊ शकत नव्हते. बायको गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही, असं हे व्रत. एका बाजूला हद्द म्हणजे गंगाच. पलीकडचा काठ काशीत धरत नाहीत. गोदूला त्यांनी हे कळवलं नव्हतं. लांबच्या मुलीला उगीच टोचणी कशाला, म्हणायचे.

लाहोरहून कलकत्त्याला यायला दोन लाइनी. एक लखनौवरून, ती बनारस शहरातून जाते. दुसरी दिल्ली-अलाहाबादवरून. ती गंगेच्या पलीकडूनच मोगलसराईला येते आणि तशीच पुढे जाते. नकाशावर बनारस आणि मोगलसराई एका नखाखाली झाकली जातात. मी लखनौची लाइन घेतली. थ्रू तिकिटावर वाटेत उतरून राहता येतं, त्याला ब्रेक-जर्नी म्हणतात. ती बनारसला ठेवली. मग हावडा, मग रंगूनची स्टीमर. सगळं नीट बसलं होतं.

तारेत जावयानं कळवलं होतं की सिंधमध्ये पुरानं लाइन वाहून गेली, गाडी अडकली, लाहोरचं कनेक्शन चुकलं. मेन लाइनच्या, म्हणजे दिल्ली-अलाहाबादवरच्या, मेलनं येतो. उद्या सकाळी मोगलसराई. वडिलांना स्टेशनवर आणा.

"तिथे उतरून इकडे आले तर?" मी विचारलं.

"आणि पुढे? नंतरच्या गाडीनं हावडा गाठेपर्यंत स्टीमर सुटलेली असेल. बघ हवं तर."

मी सगळी पानं पुन्हा पाहिली. स्टीमर मिळत नव्हती. नाना म्हणाले, "जा, सांग त्यांना. उभा काय राहतोस? पूर काही तू आणला नाहीस."

शास्त्रीबुवांनी ऐकून घेतलं.

मीच म्हणालो, "बुवा, प्रायश्चित्त असेल ना काही?"

"आहे. चुकून हद्द ओलांडली तर आहे. गेल्या साली एक म्हातारी आली होती. मुलगा पाटण्याला आजारी. तिला मी जाऊ नका म्हणून सांगितलं. ती गेली नाही."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर काशी स्टेशनवर आले. हे स्टेशन राजघाटावर, गंगेवरच्या पुलाच्या अगदी तोंडाशी. लाडवांचं पुडकं माझ्या हाती दिलं. स्वतःच वळलेले, निम्मे फुटलेले. पॅसेंजर लागली तसे माझ्यामागून डब्यात चढले.

"जरा बसतो," म्हणाले.

लोकांनी जागा करून दिली. ते हात मांडीवर ठेवून सरळ बसले. ते उतरतील याची भीती वाटत होती, आणि उतरणार नाहीत याचीही. गार्डनं शिट्टी दिली. ते उठले, दांडा धरून सावकाश खाली उतरले.

"पंडितजी, चलना नहीं है?" शेजारच्यानं विचारलं.

"नहीं भैया. पहुँचाने आए थे."

मी खिडकीतून ओरडून विचारलं, "गोदूला काय सांगू?"

"आहे ते सांग. मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. सांगितलं नव्हतं, एवढंच."

मोगलसराईला मेल आली. गोदू दारातच उभी, कडेवर मूल. माझ्या मागे बघत म्हणाली, "बाबा कुठे आहेत? स्टेशनचा जिना चढतायत का?"

मी पुडकं तिच्या हाती दिलं आणि क्षेत्रसंन्यासाचं सांगितलं.

"कधी घेतला?"

"आई गेल्यावर."

जावई मागून म्हणाला, "अहो, नदीपलीकडे तर आहेत. एवढ्यासाठी विचारून घेता आलं असतं कुणाला तरी."

"सगळे त्यांना विचारतात," गोदू म्हणाली. "ते कुणाला विचारणार?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मूल माझ्या हातांवर ठेवलं. "केशवदादा, नीट बघून घे. ते विचारतील. सगळं विचारतील बघ."

मी घाबरून बघत राहिलो. कान, भुवया, हनुवटी. मूल झोपेतच होतं. त्याचं नाव विचारेपर्यंत गाडी सुटायची वेळ झाली.

परतलो तेव्हा शास्त्रीबुवा काशी स्टेशनच्या बाकावरच होते.

"कुणासारखा आहे?"

"कपाळ तुमचं. बाकी गोदू."

"रडला?"

"नाही. झोपला होता."

"केवढा आहे?"

मी मूल धरलं होतं तसे हात करून दाखवले. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"डोकं कुठल्या बाजूला होतं?"

"या. डाव्या."

त्यांनी मान हलवली. मी हात खाली घेणार तर म्हणाले, "राहू दे थोडं."

रंगूनहून गोदू परत आली ती शास्त्रीबुवा वारल्यानंतर. मुलगा तोवर आपल्या पायांनी चालत आला. तो रूटही मीच आखला, वाया बनारस. एक मिनिट चुकलं नाही.

आजही कुणी रूट आखून घ्यायला आलं की कुठे जायचंय हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, वाटेत भेटायला कोण येणार आहे, आणि त्यांना कुठवर येता येतं.