गाव ओसाड नाई

गावात राह्यलेल्यांनो, अन् माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो,

धानोऱ्याहून येस्टी निघाली तेव्हा मी मागं पाह्यलं नाई. तुमची काकी गेल्यावर दोघांचा भात टाकाची सवय जाईना, म्हणून पोराकडं भद्रावतीले आलो. इथी क्वार्टर, नळ, पंखा. करमत नाई ते नाईच.

पण ऐका, मोठी गोष्ट झाली.

सून सुनीता सांजच्याला कंप्युटरवर बसते. इंटरनेटवर मराठीत ज्ञानकोश हाय, सारे मिळून लिहितात. मी म्हटलं, "पगार कोन देते तुले?"

"कोनीच नाई, मामाजी."

"मंग काऊन डोळे फोडून राह्यली?"

"तलावाची पार फुटली तर बांधाले सारं गाव जाते. तेव्हा पगार मागता का?"

मी खुर्ची ओढून तिच्या बाजूले बसलो.

तिनं त्यात आपल्या गावाचं पान दाखवलं. आपल्या गावाचं. थोड्याच ओळी, अन् शेवटची अशी: तलाव आटल्यावर गाव ओसाड झाले.

डोस्कं तापलं. तुम्ही सारे तिथी जित्ते बसले. तुमच्या काकीनं त्याच तलावात जन्मभर झिंगे धरले. हे पान असंच राह्यलं तर ती कधी नव्हतीच, असं होईल.

सुनीता म्हणे, "पुसा अन् खरं लिहा." मी हात मागं घेतला. आपण ढिवर. बाप सांगे, "दुसऱ्याच्या जाळ्यात मासा मरून राह्यला तरी हात लावू नोको, धन्याले हाक मार." म्हणून त्या पानामागं चर्चेची जागा असते, तिथी हाक मारली: भाऊ, तुमची ओळ चुकली, येऊन सोडवा. अन् वाट पाहत बसलो. रोज सुनीताचं डोस्कं खाल्लं.

उत्तर आलं. लिहिणारी नागपूरची पोरगी निघाली. "काका, ओसाड गावांच्या जुन्या यादीवरून लिहिलं, चुकलंच. पण इथं धनी कोणी नाही. तुम्हीच बदला."

एका बोटानं लिहिलं, घामाघूम झालो. गावात माणसं राहतात. तलावात पाणी आहे. बाया झिंगे धरतात. सुनीतानं खाली सरकारी पुरावा जोडला. मले काकीचं नाव टाकाचं होतं. ती म्हणे, पुराव्याबिगर कोनाचं नाव चालत नाई. राग आला, पण 'बाया' म्हणजे कोन ते मले मालूम हाय.

परवा पान उघडलं तर माझ्या ओळीखाली नवी ओळ: चैत्रात सारं गाव एकाच दिवशी मासे धराले तलावात उतरते. हे बाहेरच्याले मालूम नसते. कोन हाय तो? नावाच्या जागी नुसते त्याच्या कंप्युटरचे आकडे. हैदराबादले गेलेला का सुरतेले? परवापासून एकेक घर आठवून राह्यलो, जेवाचंबी भान नाई.

चैत्रात नाई, वैशाखात उतरतो आपण. मी त्याले न विचारताच बदलून टाकलं. त्याले राग आला तर येऊ द्या, भांडाले तरी येईल. गावात एकमेकाच्या घरात शिरताना आपण कधी विचारलं होतं?