जावयाच्या नावावरची तिरकी रेघ

माझ्या जावयाच्या नावावर एक तिरकी रेघ आहे, आणि ती माझ्या की-बोर्डवर नाही.

जावई फ्रान्सचा. म्हणायचं रने, लिहायचं René. आमच्या मुग्धानं लग्न तिकडेच केलं आणि आता ती त्याला घेऊन पहिल्यांदाच रायपूरला येत होती. फोनवर तिनं बजावलं, "बाबा, फ्लेक्स लावा, पण त्या शेवटच्या e वरची रेघ विसरू नका. सगळीकडे बिचाऱ्याचं नाव चुकवतात. निदान आपल्या घरी तरी बरोबर असू द्या."

"फ्लेक्सवाल्या साहूभैयाले हातानं लिहून दाखवा न, तो पाहून करन," माझी बायको म्हणाली. पण मी सिंचन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आणि घरात कॉम्प्युटर (माझ्या मते) मलाच कळतो! मुग्धाच्या मेलमधून नाव उचललं, फाईल केली, ब्राह्मणपाऱ्यातल्या साहूच्या दुकानात पाठवून दिली. तासाभरात मोबाईलवर नमुना आला: WELCOME RenÃ©.

"हे काय होय?" बायको ओरडली. "जावयाच्या मांगे कॉपीराइटचा शिक्का काहून? पोट्टीनं रजिस्टर करून घेतला काय त्याले?"

मी साहूला फोन लावला. "अंकल, हमारा कंप्यूटर पुराना है, आपकी फाइल में उसको यही दिख रहा है," तो म्हणाला.

"वही फाइल वापस भेजो, मैं ठीक करता हूँ!"

मी फाईल उघडली, काहीबाही बटणं दाबली, जपून सेव्ह केली, परत पाठवली. नवा नमुना आला: RenÃƒÂ©.

पुन्हा ठीक केली. नाव आणखी लांबलं! मारुतीच्या शेपटीसारखं ते वाढतच चाललं होतं. अजून एकदा ठीक केलं असतं तर फ्लेक्सचं टोक शेजारच्या वर्मा भाभींच्या गॅलरीत गेलं असतं.

"हात नका लावू आता!" बायकोनं माउस हिसकावला. "बिघडवून राहिले तुम्ही!"

शेवटी मी साहूला पहिलाच नमुना छापायला सांगितला. त्यातल्या त्यात आखूड तोच होता.

दुसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. अर्धा पारा (आमच्याकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात) जमलेला. मुग्धा उतरली, वर पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, एवढंच तर सांगितलं होतं..." तिचे डोळे भरून आले. धरणीमाता दुभंगली असती तर मी सर्वांच्या आधी आत गेलो असतो.

इतक्यात जावई उतरला. त्यानं फ्लेक्स वाचला आणि पोट धरून हसत सुटला! मुग्धाच्या कानाशी काहीतरी बोलला, तशी तीही डोळे पुसता पुसता हसली.

"तो म्हणतो, त्याच्या विजेच्या बिलावरही असंच नाव येतं. अगदी घरी आल्यासारखं वाटलं त्याला."

चहा घेताना त्यानं मुग्धाकरवी मला प्रकरण समजावलं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. नव्या पद्धतीत त्या रेघवाल्या अक्षराला दोन आकडे लागतात. जुना कॉम्प्युटर दर आकड्याला एक अक्षर समजतो, म्हणून एकाची दोन अक्षरं दिसतात. आणि मी ती दोन पुन्हा सेव्ह केली, की दोनाची चार! (म्हणजे मी चूक दुरुस्त करत नव्हतो, तिचा वंश वाढवत होतो.)

मग त्यानं बॅगेतून माझ्यासाठी टी-शर्ट काढला. छातीवर माझं नाव, मराठीत! तिकडच्या दुकानातून हौसेनं छापून आणलेलं. मी दिनकर. पण त्या मशीनला आपली वेलांटी झेपली नव्हती. ती एक घर पुढे सरकून बसली होती. छापलं होतं: दनिकर.

जावई आशेनं माझ्याकडे पाहत होता. मुग्धा काही बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, "वा! एकदम बरोबर!" आणि तिथेच अंगात चढवला.

संध्याकाळी तोच घालून फिरायला निघालो. फाटकाशी वर्मा भाभींनी अडवलं. छातीवरचं नाव सावकाश वाचून म्हणाल्या, "द-नि-कर... ये फ्रांस वाले समधीजी का नाम है क्या, भाईसाहब? उन्हीं का टी-शर्ट?"

खरं सांगावं तर जावयाची चूक साऱ्या पाऱ्यात जाहीर होणार.

"हव," मी मान डोलावून म्हणालो.

एका वेलांटीपायी मी माझाच व्याही झालो!