मूठभर बेदाणे

बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी मूठभर माल उचलतो, एक दाणा चावतो आणि बाकीचे सरळ जमिनीवर टाकतो. आमच्या शेजारच्या मालूकाकूंना ही नासाडी दरवर्षी झोंबते. आज त्यांच्याच मालावर बोली चढत होती आणि फोन वाजले. कुठल्याशा देशाशी करार झाला, दिल्लीने बाहेरच्या बेदाण्यावरचं आयात शुल्क उतरवलं. बोली जागीच थांबली. चिकट फरशीवर माझे पाय उगाच चुळबुळत राहिले. इतक्या लांब बसून, एक दाणाही न चाखता, कुणीतरी सही करतं आणि इथली तोंडं बंद होतात! समोरच्या व्यापाऱ्याने हातातली मूठ हळूच ताटात परत ठेवली. काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "अहो, टाका की खाली! नेहमी टाकता तसे."