कुंकू कोण पुसणार

मुलांनो, पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. "आजी, भीती वाटते का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते.

पहिल्या डोळ्याच्या वेळी, नवीन जालन्यातल्या याच दवाखान्यात, माझ्या शेजारी हसनाबादकडची एक म्हातारी बसली होती. कपाळभर कुंकू. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, कुंकू पुसा. डोळ्यात जाईल."

तिने दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. "मालक बाहीर बसून राह्यलेत माझे. ते जिते असताना कुंकू न्हाई पुसायची. डोळा गेला तर जाऊ द्या."

सिस्टर रागावल्या, मीही समजावून पाहिलं. ती घरी जायला उठली आणि नीट दिसत नसल्यामुळे माझ्याच चपलांत पाय घालू लागली.

गलका ऐकून तिचा नवरा आत आला. उंच, पाठीत वाकलेला. त्याने धोतराचा सोगा माठाच्या पाण्यात भिजवला आणि तिचे हात हळूच बाजूला केले.

"मी मेल्यावर दुसरे पुसतील. आज जिता हाये, मंग मीच पुसतो. बस बराबर."

ती बसली. "जल्दी जल्दी घासू नका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा त्याच्याकडे बघून ती ओरडली, "अगं बया, मिशा कवा पिकल्या?"

दोघांची नावं मला ठाऊक नाहीत. परवा तपासणीला गेले होते. सिस्टर आता नव्या आहेत, पण कुणा बाईचं कुंकू पुसायचं असलं, की त्या अजूनही तिच्या नवऱ्यालाच आत बोलावतात.