हात वर

मी चाकणच्या एका कंपनीत लाईनवर रिलीव्हर आहे. कुणाला लघवीला जायचं असलं की तो हात वर करतो आणि तो परत येईपर्यंत मी त्याच्या जागी उभी राहते. या कामाला कुणी मान देत नाही, पण माझ्याइतकी माणसं सुपरवायझरलाही कळत नाहीत. आमच्या लाईनवरच्या दौलतरावकाकांनी मात्र कधी हात वर केला नाही. कामावर पाणीच प्यायचं नाही, ही जुन्या लोकांची खोड. काकांनी तर तिचं व्रत केलं होतं.

वर्षापूर्वी त्यांची बायको, कस्तुराकाकू, गेली. तेरावं उरकून काका कामावर आले ते कोरड्या डोळ्यांनीच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बरं हाय."

मग कंपनीच्या तपासणीत त्यांचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, शिवाय रोज इसबगोल घ्यायला सांगितलं. मला वाटलं, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! सांगवीला दिलेली मुलगी, योगिनी, रोज फोनवर विचारायची, "अप्पा, घेतलं का?" काका म्हणायचे, "घेतलं." खोटं नव्हतं ते. कॅन्टीनमध्ये बसून तळहातावरचा भुसा तोंडात टाकायचे आणि वर पाण्याचा एक घोट घ्यायचे. जास्त प्यायलं तर लाईन सोडावी लागेल ना! मोठा पेला भरून पाणी प्या, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी सोयीस्कर सोडून दिलं होतं.

एका दुपारी तो भुसा घशातच फुगला. काकांना श्वास घेता येईना. चेहरा काळानिळा पडला, पण हात ताटाशेजारी तसेच. आम्ही पाठीत जोरजोरात धपाटे घातले तेव्हा गोळा बाहेर पडला.

"काका, भीती नाही वाटली?"

"न्हाई. कायबी वाटलं न्हाई."

मला त्या उत्तराचीच जास्त भीती वाटली.

योगिनी धावत आली. डॉक्टर तिच्यासमोरच काकांवर चिडले, "पाणी प्यायचं नसेल तर इसबगोल बंद करा. जीव जाईल अशानं." योगिनी चिडली नाही. एवढंच म्हणाली, "आई गेली. आता तुम्हीपण गेलात तर मी माहेरी कुणाकडं येऊ, अप्पा?"

पुन्हा कामावर आले त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी मोठ्या पेल्यात इसबगोल ढवळलं, सगळं प्यायले, वर आणखी पाणी प्यायले. थोड्या वेळाने लाईनवर त्यांचा हात वर गेला. मी पळतच गेले.

परत आले, पण जागा घेईनात. माझ्या शेजारी नुसते उभे.

"काय झालं, काका?"

"कस्तुराला दवाखान्यात न्हेली तवा निरोप आलता," ते म्हणाले. "म्या हात वर केला न्हाई, रुपाली. म्हनलं, शिफ्ट संपली की जाऊ."

त्यांचे ओठ थरथरायला लागले. पुढचा सुटा भाग माझ्यासमोर आला होता, तो मी उचलला.

"बसा तिकडं," मी म्हटलं. "मी उभी आहे."