रिकाम्या लाइनीतले शेजारी

आमच्या घरात देव्हारा नव्हता. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या वडिलांनी देवांच्या मागोमाग भूत, नजर, अंगारा सगळंच घराबाहेर काढलं होतं. जे तपासता येतं तेच मानायचं, हे ऐकत मी मोठी झाले आणि पुढे प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून मुलांनाही तेच शिकवलं. भुताखेतांच्या अशा सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं... पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे, भरदुपारचा आहे, आणि साठ वर्षं होत आली तरी मी तो तपासतेच आहे.

तेव्हा भिलाईचा कारखाना अर्धामुर्धाच उभा होता. माझे पती शेषराव रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. आम्ही भंडाऱ्याकडचे. दुर्गला स्टेशनच्या मागे एका घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. तिथून हे सायकलनं ड्यूटीवर जायचे – जाता-येता लाल धूळ, घरी आले की भुवयासुद्धा तांबड्या झालेल्या. घरमालकीण बोलायला गोड होती. एक दिवस तिनं सहज विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या विहिरीवरचा दोर नव्हता. कोणी काही बोललं नाही, भांडलं नाही. फक्त दोर नव्हता.

क्वार्टरसाठी अर्ज केलेलाच होता. दोन ठिकाणं सांगितली गेली, आठवड्याभरात एक निवडायचं होतं. एक कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, जिथे आमचे विदर्भातले पुष्कळ लोक राहायला आले होते. दुसरं सेक्टर १० मध्ये, नुकत्याच बांधलेल्या क्वार्टरांच्या एका लाइनीत. (लाइनचा नंबर लिहीत नाही, आजही तिथे लोक राहतात.) शेषरावांचा कल कॅम्पाकडे होता.

"आपले लोक हायेत तिथं. तू एकटी असते दिवसभर, कोणी विचारणार तर नाई, आपण कोण म्हणून."

मला सेक्टर बरं वाटत होतं, कारण लेकीला पुढे शाळा जवळ होणार होती आणि ड्यूटीचा रस्ता अर्ध्यावर येत होता. पण कोणाच्या शेजारी जाऊन पडू, याची धास्ती मलाही होतीच. यांच्या सुटीच्या दिवशी आम्ही पाहायला गेलो. मोठी लेक कमल तेव्हा दीड वर्षाची.

फाल्गुनातली दुपार. साडेबारा-एक वाजला असेल. लाइनीत चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्या चुन्याचे नवे कोरे क्वार्टर, मध्ये मुरूम टाकलेला रस्ता, एकही झाड नाही. चौकीदार किल्ल्या घेऊन पुढच्या वळणावर बसला होता. शेषराव त्याच्याकडे गेले. मी कमलला कडेवर घेऊन सावली शोधत शेवटच्या क्वार्टरपर्यंत गेले, तर दारात एक बाई उभी. पन्नाशीची, हिरवं लुगडं, हात मनगटापर्यंत ओले – तांदूळ धुता धुता उठून यावं तसे.

"घर पाहाले आल्या काय वो?" तिनं विचारलं. अगदी आमच्याकडची बोली. माझा जीव भांड्यात पडला. "पोट्टीले ऊन लागून राहिलं. ये, पाणी पे."

तिनं पितळी लोटा सरळ माझ्या हातात दिला. वरून ओतलं नाही, नाव-गाव विचारलं नाही. कमल प्याली, निम्मं तिच्या झबल्यावर सांडलं. घरातून मासळीच्या कालवणाचा वास येत होता आणि आत कुठेतरी एक मूल पाढे म्हणत होतं. मला वाटलं, चला, कोणीतरी राहायला आलेलं आहे!

"शेजार कसा आहे?" मी विचारलं.

तिनं ओला हात पुढे करून एकेक घर दाखवायला सुरुवात केली. "थे तुमचं. त्याच्या बाजूले नर्सबाई, केरळची. येशूले मानते. रातीबेराती हाक मारा, येते. समोर सरदार. त्याची बायको मोठ्या आवाजाची हाये, पण मनानं लय चांगली. तिच्या बाजूले आंध्राची पोरगी. जुळ्या लेकी हायेत तिले. कोणी कोणाले काही विचारत नाई इथं."

मग जरा थांबून म्हणाली, "एका घरचा माणूस गेला. उन्हाळ्यात. बाई सामानसुमान बांधून निघाली होती लेकरं घेऊन. आमी जाऊ नाई देल्लं."

"कोणत्या घरचा?" मी विचारलं. तिनं बोट दाखवलं असावं... पण नेमकी त्याच क्षणी कमल माझ्या हातातून सुटून रस्त्यापलीकडच्या चुन्याच्या हौदाकडे धावली. मी ओरडत मागे पळाले, काठावरून तिला उचललं. परत वळले तेव्हा ती बाई "असं झालं मंग" म्हणत दारातून आत जात होती. पुन्हा विचारायला मला संकोच वाटला. मेलेल्या माणसाची चौकशी पहिल्याच भेटीत किती करायची?

शेषराव आले. मी म्हटलं, हेच घर घेऊ. सगळ्या मुलखातली माणसं आहेत, पाण्याचा लोटा हातात देणारी आहेत.

"कोणी देल्ला लोटा?"

"त्या शेवटच्या घरच्या बाईनं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मी दुरून पाहून राहिलो होतो. तू एकटीच उभी होती त्या दारात. लाइनीत कोणीच आलं नाई अजून, चौकीदार सांगते. नळसुद्धा जोडले नाई."

आम्ही दोघं त्या घरापाशी गेलो. दाराची नुसती चौकट होती, फळ्या बसवायच्या होत्या. आत वाळूचा ढीग, सिमेंटची पोती, जमीन उकरलेली. चूल नाही, लोटा नाही, माणूस नाही. कमलचं झबलं मात्र पुढून ओलं होतं. शेषरावांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं.

तरीही आम्ही त्या लाइनीतलंच, तिनं ‘तुमचं’ म्हणून दाखवलेलं घर घेतलं. लोक विचारतात, भीती नाही वाटली? वाटली ना! पण दोर काढलेल्या विहिरीपेक्षा कमी वाटली.

पंधरा दिवसांनी राहायला गेलो. महिनाभर आम्ही एकटेच होतो. मग समोर सरदारजी आले आणि त्यांच्या बायकोचा, हरबन्स कौरचा, आवाज पहिल्याच सकाळी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. मी तव्यावरची पोळी तशीच जळू दिली. पावसाळ्याच्या तोंडाला बाजूच्या घरात नवऱ्याबरोबर अन्नम्मा आली. केरळची. नर्स.

शेषराव म्हणाले, "अवो, इथं साऱ्या देशातून माणसं येऊन राहिली. कोणीही अंदाजानं सांगीन, की नर्स केरळची हाये अन् सरदारनीचा आवाज मोठा हाये. त्यात काय?"

पटण्यासारखं होतं. मी पटवूनही घेतलं. मग सरदारजींच्या बाजूला राव बाबू आणि त्यांची बायको सत्यवती आली. श्रीकाकुळमकडची, अठरा-एकोणीस वर्षांची, पोटुशी. मराठी येत नव्हतं, हिंदी तोडकं-मोडकं. माझ्या अंगणात येऊन बसायची, कमलच्या वेण्या घालायची. ती बाळंत झाली तेव्हा अन्नम्मानं घरीच सोडवली. मी पाणी तापवत होते. पहिलं रडणं ऐकलं, मुलगी झाली. मी देगची उचलली, आणि अन्नम्मा आतून ओरडली, "एक और है!"

देगची माझ्या हातातून सुटली. पायावर पडलेल्या गरम पाण्याची खूण अजून आहे.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चार घरं. चारही घरांतले पुरुष सायकलवर ड्यूटीला जाणारे. उन्हाळा लागला की मी शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकून फाटकात उभी राहायची आणि मोजायची – सरदारजी आले, राव बाबू आले, अन्नम्माचा नवरा आला... आणि आमचे शेवटी. शेषरावांना उशीर झाला की रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन यायची. कोणाला सांगणार? त्या पोरीला जाऊन म्हणू, की तुझा नवरा जाणार असेल? की जाणार नसेल, माझाच जाणार असेल? पहिला उन्हाळा गेला. दुसराही गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात राव बाबू बहिणीच्या लग्नाला एकटेच गावी गेले. मुलींना गोवर झाला होता म्हणून सत्यवती राहिली. तार आली तेव्हा आम्ही दोघी माझ्या अंगणात कुरड्या घालत होतो. तार इंग्रजीत. तिनं वाचायला माझ्याकडे दिली. चार दिवसांचा ताप, माणूस गेला होता.

आता लिहिते ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. ती तार वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला वाटलं – सुटले. माझा नाही. इतकं हलकं वाटलं की मी क्षणभर डोळे मिटले. मग डोळे उघडले, तर ती पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. हात पिठानं भरलेले, आणि अजून तिला काही माहीत नाही.

पंधरा दिवसांनी तिचा दीर न्यायला आला. ट्रंक, वळकटी, दोन मुली, सगळं रिक्षावर चढलं. सत्यवती दगडासारखी बसून होती. आदल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, की सासरी तिला मुलींसकट गुरांच्या गोठ्याशेजारी ठेवणार, आणि मुली सहा-सात वर्षांच्या झाल्या की कामाला लावणार. पण जायचं नाही असं काही तिच्या मनातही नव्हतं. कुठे राहणार?

रिक्षा निघाली तशी मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ठरवून नाही. पाय गेले.

"नाई जायचं," मी म्हटलं. मग हिंदीत म्हटलं. "यह नहीं जाएगी."

दीर खाली उतरला. "यह हमारे घर का मामला है. आप कौन होती हैं?"

तोवर हरबन्स कौर बाहेर आली होती. तिनं विचारपूस केली नाही, ट्रंकेची कडी धरली आणि धाडकन खाली उतरवली. "लो जी, सामान तो उतर गया. अब चाय पी के बात करो."

दीर चिडला. "हमारी बहू रहेगी किसके घर में? कौन लोग हो तुम? कौन जात?"

माझ्या पाठीतून तीच जुनी कळ गेली. दुर्गची. पण अन्नम्मा येऊन माझ्या शेजारी उभी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मी म्हटलं, "बौद्ध हैं. भंडारा के. और यह मेरे घर में खाती है, तीन साल से."

मग सत्यवती स्वतःहून रिक्षातून उतरली. आधी एक मुलगी उतरवली, मग दुसरी. दिराकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती अन्नम्माच्या मागच्या खोलीत राहिली. अन्नम्मानं तिला इस्पितळात आयाचं काम मिळवून दिलं. तिची ड्यूटी असली की मुली आळीपाळीनं आमच्याकडे आणि हरबन्सकडे. दोघी शिकल्या, एक तर नर्सच झाली. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की त्या बाईनं "आमी जाऊ नाई देल्लं" म्हटलं होतं, त्या "आमी"त मी होते.

शेवटच्या क्वार्टरमध्ये पुढे एक बंगाली क्लार्क राहायला आला. एकटा, अबोल. तिथे कधीच काही घडलं नाही. त्या बाईसारखी बाई मी त्या लाइनीत पुन्हा पाहिली नाही. तिथे आधी गाव होतं का, कोणी बाई गेली होती का, सगळं विचारून झालं. जुन्या लोकांनी सांगितलं, शेतं होती, घर एकही नव्हतं.

शेषराव रिटायर झाले तेव्हा आम्ही क्वार्टर सोडला. सामान बांधायला सत्यवती आली होती. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मी तिला सगळं सांगितलं. ती बाई, पाण्याचा लोटा, जुळ्या मुली, "एका घरचा माणूस गेला". आणि तार वाचून मला काय वाटलं होतं तेही. ती रागावेल, उठून जाईल असं वाटलं. तिनं हातातला पेला खाली ठेवला.

"मेरे को भी मिली थी," ती म्हणाली.

"कोण?"

"वही. जिस दिन हम लोग घर देखने आए. ये किल्ली लाने गए थे. तेलुगू में बोली, हमारे गाँव का तेलुगू."

मी वर्णन विचारलं. तिला दिसलेली बाई म्हातारी होती, पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली. माझ्या बाईसारखी मुळीच नव्हती. फक्त हात ओले होते.

"काय म्हणाली तुला?"

सत्यवतीनं तो पेला उचलून कागदात गुंडाळला. मग माझ्या अंगणात शिकलेल्या मराठीत, हळूहळू, शब्द जुळवत म्हणाली, "बोलली – एक बाई तुझा रस्ता अडवणार. तिचं ऐक. ती तुझ्यापासून काहीतरी लपवणार, तिला लाज वाटत राहणार. तिला कधी विचारू नको."

"आणि तू विचारलं नाही? इतकी वर्षं?"

"नाही ना. तू सांगेपर्यंत थांबली."

आता मी दुर्गच्या पद्मनाभपुरात लेकीकडे असते. शेषराव नाहीत. सत्यवतीही दोन वर्षांपूर्वी गेली. हरबन्सला आणि अन्नम्मालाही मी तेव्हाच विचारलं होतं. दोघींना कधी कोणी भेटलेलं नव्हतं, दोघी हसल्या होत्या. एकच बाई दोन भाषांत, दोन रूपांत कशी बोलते? तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुली तिला कशा माहीत? आणि माझ्या मनात जे अजून उमटलंही नव्हतं, त्याची लाज तिनं आधीच कशी सांगितली? मुलांना शिकवलेलं सगळं मी यावर लावून पाहिलं. उत्तर येत नाही. कोणी समजावून सांगितलं तर ऐकेन, पण आता घाई नाही.