बाबांचे पन्नास किलो

माझे वडील सफरचंदांच्या गोदामात काट्यावर असायचे. पानगळ सुरू झाली की बागांमधून पेट्या यायच्या आणि बाबा त्या तोलायचे. तळाशी दगड घालून पेटी जड करणारे दीडशहाणे दर वर्षी निघायचेच. पेटी टेकल्याच्या आवाजावरून बाबा त्यांना पकडायचे. सगळे त्यांना ‘काटा’ म्हणायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. घरीही तोच खाक्या. लहानपणी मी दोन बिस्किटं खाऊन एक सांगितलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते.

मग पोटाचं दुखणं निघालं. एक ऑपरेशन झालं, दुसरं राहिलं. डॉक्टर म्हणाले, “पन्नास किलो झाल्याशिवाय मी यांना भूल देणार नाही.” बाबा शेहेचाळीसवर होते. हातात दोन महिने होते.

आईने कंबर कसली. डागाळलेली सफरचंदं गोदामातून टोपलीने यायची, आणि बाबांना कच्चं फळ पचत नव्हतं. तिने ती दुधात शिजवून गाळली. मधला गाभा काढून, आत लोणी भरून भाजली. उकडलेल्या बटाट्यात कुस्करली. चकत्या दोरीत ओवून चुलीवर सुकवल्या, त्यांचं पीठ केलं आणि ते साय-साखरेत कालवलं. सालंसुद्धा टाकली नाहीत. ती उकळून, आटवून दाट पाक केला आणि चमच्याने भरवला.

“आता सफरचंदाच्या चपला तेवढ्या करायच्या राहिल्यात,” बाबा म्हणायचे.

“गप्प बसा आणि अजून एक वाटी घ्या,” आई म्हणायची.

गोदामातला जुना काटा मालकाने बाबांना देऊन टाकला होता. तो मागच्या खोलीत असायचा. दर रविवारी बाबा त्यावर उभे राहायचे, थंडी वाजते म्हणून कोट घालूनच. “कोटाचा दीड किलो वजा कर बरं का,” असं स्वतःच बजावायचे. आई वजा करायची आणि दारावर खडूने आकडा लिहायची. सत्तेचाळीस. साडेसत्तेचाळीस. एकोणपन्नास झाले त्या दिवशी ती शेजारणीकडे सांगत गेली. बाबांचे गाल मला खोल गेलेले दिसत होते. पण काट्यासमोर मी कशाला बोलू? पन्नास झाले तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. आम्ही इस्पितळाची तारीख घेतली.

तिथे नर्सने बाबांचे सगळे कपडे उतरवून त्यांना पातळ झगा घातला आणि काट्यावर उभं केलं.

“चव्वेचाळीस.”

“तुमचा काटा बिघडलाय,” आई एकदम उसळली. “पुन्हा करा. यांनाच विचारा ना, यांचं आयुष्य गेलंय काट्यावर. अहो, सांगा ना यांना!”

सगळे बाबांकडे बघत होते. ते काट्यावरून हळूच उतरले.

“काटा बरोबर आहे,” ते म्हणाले.

आईला काही कळेना. त्यांना गारठा लागेल म्हणून तिने खुंटीवरचा कोट काढला, तर तो तिच्या हातातून निसटून धाडकन खाली पडला. खिशातून दोन-दोन किलोची दोन लोखंडी वजनं घरंगळली. आणखी दोन, एक-एक किलोची, आतल्या अस्तरात टाके घालून बसवलेली होती.

बाबा खाली बघत म्हणाले, “पोटात काही टिकतच नव्हतं गं. सगळं उलटून पडायचं. पण आकडा लिहिताना तू इतकी खूश व्हायचीस.”

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन महिने! डॉक्टरांना वेळेवर सांगितलं असतं तर दुसरं काही करता आलं असतं. मी तोंड उघडणार होते, पण आईने माझा हात दाबला.

तिने वजनं एकेक करून आपल्या पिशवीत भरली. बाबा वाकून मदत करायला लागले तर म्हणाली, “तुम्ही नका उचलू.” मग कोट त्यांच्या खांद्यावर घालता घालता ती म्हणाली, “एवढं लोखंड अंगावर घेऊन उभे राहायचात, आणि मी आपली अजून एक वाटी घ्या म्हणून मागे लागायचे.”